वर्षांची ठेव

गेल्या जूनमध्ये लातूरहून नांदेडला एस.टी.ने येत होतो. चाकूरला एक बापलेक गाडीत चढले. मुलीच्या हातात कागदपत्रांची प्लास्टिकची फाईल, बापाच्या हातात डब्याची पिशवी. कंडक्टरने तिचे अर्धे तिकीट काढले, त्याचे पूर्ण. मुलगी पुढच्या बाकावर खिडकीशी बसली आणि बाप माझ्या शेजारी.

अहमदपूर येईपर्यंत त्याने माझी सगळी चौकशी पुरी केली. मी बँकेतून निवृत्त झालो आहे हे कळल्यावर त्याने पीककर्जाबद्दल चार प्रश्न विचारले. मी कादंबऱ्या लिहितो हे कळल्यावर एकही विचारला नाही. मग तो मूळ मुद्द्यावर आला. मुलगी बी.एस्सी. झाली होती आणि विद्यापीठात एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी निघाली होती.

"साहेब, दोन वर्षांत सुटंल का हो ही?"

"सुटेल की. अभ्यासक्रमच दोन वर्षांचा आहे."

"तसं नव्हं. निकाल-बिकाल टायमावर लागतेत का? पाव्हण्याला दोन वरीस थांबा म्हणलोय. तिसरं वरीस लागलं तर माझ्या हातात ऱ्हात न्हाई."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. बाहेर सोयाबीनच्या पेरणीसाठी मोकळी पडलेली काळी राने होती. पण ती आमचे बोलणे ऐकते आहे, हे तिच्या मानेवरून कळत होते.

"लागतील," मी म्हणालो. बँकेत असताना कुणाला असे तोंडी आश्वासन मी दिले नसते.

विद्यापीठाचे नेतृत्व कसे असावे, या विषयावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलले गेले आहे. महाराष्ट्रात २०२१ च्या डिसेंबरात कायद्यात दुरुस्ती करून कुलगुरूंच्या निवडीत राज्य सरकारचा हात वाढवण्याचे ठरले. पुढे सरकार बदलले आणि ते विधेयक मागे घेतले गेले. जानेवारी २०२५ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नव्या नियमांचा मसुदा काढला. उद्योग, प्रशासन किंवा सार्वजनिक उपक्रम यांत वरच्या पदावर काम केलेला आणि विद्वत्तेतही काही करून दाखवलेला माणूस कुलगुरू होऊ शकेल, असे त्यात होते. तो वाचून माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने फोन केला. "आता तूही अर्ज टाक! कादंबऱ्या विद्वत्तेत धरतात की नाही, तेवढं विचारून घे."

आम्ही हसलो. पण फोन ठेवल्यावर वाटले, या साऱ्या वादात एकच प्रश्न विचारला जातो आहे : कुलगुरूला नेमायचे कोणी? त्याने काय करायचे, हे कोणीच विचारत नाही. चाकूरच्या त्या शेतकऱ्याने मात्र नेमके तेच विचारले होते.

छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत बँक दिसते, असे माझी बायको म्हणते. असेलही. पण नोकरीच्या पहिल्याच वर्षी मनावर ठसलेली एक गोष्ट मला इथे सांगितलीच पाहिजे. बँकेचा पैसा बँकेचा नसतो, तो ठेवीदारांचा असतो. मॅनेजर कितीही मोठा असो, तो दुसऱ्याच्या पैशाचा राखणदार असतो. विद्यापीठाचेही असेच आहे. तिथे ठेव असते ती मुलांच्या वर्षांची. विसाव्या-एकविसाव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी येते आणि आयुष्यातली दोन-तीन वर्षे खिडकीतून आत सरकवते. फरक एवढाच, की बँकेने ठेव उशिरा परत केली तर जास्तीचे व्याज देता येते. वाया गेलेल्या वर्षावर व्याज देणारी बँक अजून निघालेली नाही.

म्हणून कुलगुरूच्या नेतृत्वाची पहिली परीक्षा मी कॅलेंडरवर घेईन. आणि त्यासाठी मला लातूरहून सुरुवात करावी लागेल.

लातूरमध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० मध्ये सुरू झाले. डॉ. जनार्दन वाघमारे हे त्याचे संस्थापक प्राचार्य. इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. पुढे ज्याला 'लातूर पॅटर्न' म्हटले गेले, त्याच्या जडणघडणीत या महाविद्यालयाचा मोठा वाटा होता. त्या पॅटर्नमध्ये जादू नव्हती. अभ्यासक्रम वेळेआधी पुरा करायचा, मग चाचण्यांवर चाचण्या घ्यायच्या, तपासलेले पेपर लगेच परत द्यायचे, कच्च्या मुलांना जादा तास द्यायचे आणि प्राध्यापकांनी वर्गात हजर राहायचे. बस्स. पण मराठवाड्यातल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या मुलांची नावे बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकू लागली, तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांनी नकाशात लातूर शोधले.

या पॅटर्नवर टीकाही झाली आणि ती खोटी नव्हती. घोकंपट्टी वाढली. गुणांच्या मागे लागून वाचन सुटले. आज तर शिकवणीवर्गांच्या पाट्यांनी लातूरचे रस्ते भरले आहेत आणि २०२४ च्या नीट परीक्षेच्या प्रकरणात तपासाचे धागे लातूरपर्यंत आले, तेव्हा आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या. पण मुळात जे होते, म्हणजे मुलाचा वेळ ही जोखमीची वस्तू आहे असे मानणे, ते मोलाचे होते.

ते मानणाऱ्या माणसाकडेच नवे विद्यापीठ सोपवले गेले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि डॉ. वाघमारे त्याचे पहिले कुलगुरू झाले. किल्लारीच्या भूकंपाला तेव्हा वर्षही पुरते झाले नव्हते. लातूर, नांदेड आणि परभणी हे जिल्हे (परभणीतून १९९९ मध्ये हिंगोली वेगळा झाला) या विद्यापीठाकडे आले. तोवर या भागातल्या मुलांचे विद्यापीठ तेव्हाच्या औरंगाबादला, आजच्या छत्रपती संभाजीनगरला होते. अंतर अडीचशे किलोमीटरहून जास्त. एका कागदासाठी एक रात्र प्रवासात, एक दिवस रांगेत आणि पुन्हा एक रात्र प्रवासात. बापाची दोन दिवसांची मजुरी त्यात गेली. विद्यापीठ जवळ आले म्हणजे नुसती इमारत जवळ आली नाही, तर हे दोन दिवस परत मिळाले.

वेळेचे भान हे काही एखाद्याच्या स्वभावावर सोडलेले नाही. ते कायद्यात आहे. परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांत निकाल लावावा, असे महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ सांगतो. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय घाईने अमलात आणला. निकाल महिनोन्‌महिने रखडले. कुलपतींनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत टळली आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. हेतू वाईट नव्हता. संगणक आणणे चूकही नव्हते. पण आमच्या बँकेत संगणक आला, तेव्हा कित्येक महिने आम्ही संगणकावर नोंद करायचो आणि तीच नोंद हाताने जुन्या लेजरमध्येही करायचो. संध्याकाळी दोन्हींचा मेळ बसल्याशिवाय घरी जायला मिळत नसे. कटकट वाटायची. आज कळते की तीच कटकट म्हणजे नेतृत्व होते. कोणीतरी वरच्या माणसाने ठरवले होते की आमच्या सुधारणेची किंमत ठेवीदाराने मोजायची नाही.

आता दुसरी परीक्षा. ती नांदेडची.

लातूरप्रमाणे नांदेडच्या नावावरही एक पॅटर्न आहे, पण त्याची आठवण कमी जण काढतात. २०१० च्या सुमारास नांदेडचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनी दहावी-बारावीच्या परीक्षांत कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली. त्याआधी परीक्षा केंद्रांभोवती जत्रा भरायची हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. खिडक्यांवर चढलेले भाऊ, चिठ्ठ्या पोचवणारे मामा. परदेशींनी महसूल, पोलीस आणि शिक्षण ही सगळी यंत्रणा कामाला लावली. माणसे तीच होती, पगारही तेच होते. सुरुवातीला निकालाचे आकडे धाडकन खाली आले. गावोगाव ओरड झाली. पण मोहीम थांबली नाही आणि पुढे राज्याने ती उचलली.

आकडा खाली येऊ देणे किती अवघड असते, हे मला माहीत आहे. नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर बँकांना थकीत कर्जे उघडपणे दाखवणे भाग पडले. त्याआधी मार्चअखेर आला की एक खेळ चालायचा. बुडीत निघालेल्या जुन्या कर्जावर नवे कर्ज लिहायचे, नव्यातून जुने फेडून घ्यायचे आणि कागद स्वच्छ करायचा. मीही तो खेळलो आहे. एका शाखेत मी मॅनेजर असताना वरून फोन आला, "आकडा असा नको," आणि तो रात्री नऊ वाजता मी 'तसा' करून दिला. शाबासकीचे पत्र आले. दोन वर्षांनी माझ्या जागी आलेल्या माणसाला त्या कर्जांची उत्तरे द्यावी लागली. त्याचे केस माझ्यामुळे पांढरे झाले, असे तो हसत हसत म्हणायचा. मला हसू येत नसे.

विद्यापीठांतही असा मार्चअखेर असतो. मूल्यांकनाची समिती यायची असते, संलग्नीकरणाची स्थानिक चौकशी समिती कॉलेजला भेट द्यायची असते, तेव्हा रंग लागतो, ग्रंथालयातली पुस्तके झटकली जातात, हजेरीपट भरले जातात. राज्यभर अशी महाविद्यालये आहेत की जिथे मुले प्रवेशाच्या दिवशी दिसतात आणि मग थेट परीक्षेच्या दिवशी. प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावरचे तरुण, पीएच.डी. झालेले, लग्नाचे वय उलटून गेलेले, एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात मोटारसायकलवर फिरत तास घेतात. हे सगळ्यांना माहीत असते. ते कागदावर आणणारा कोणी असतो का, हा प्रश्न आहे.

रिकाम्या जागा भरणे कुलगुरूच्या एकट्याच्या हाती नाही, हे मान्य. पदांना मान्यता आणि पैसा सरकारकडून येतो. मुदत पाच वर्षांची. त्यातले पहिले वर्ष माणसे ओळखण्यात जाते आणि शेवटचे निरोपसमारंभात. मधल्या काळात संस्थाचालक भेटायला येतात. त्यांतले काही आमदार असतात, काही माजी मंत्री असतात, आणि सगळेच प्रेमाने बोलतात. अशा माणसाला चहा पाजून, आदराने, "हे होणार नाही" असे सांगणे ही एक विद्या आहे. ती कुठल्याही विद्यापीठात शिकवली जात नाही. पण खरा आकडा लपवायचा नाही एवढे जरी कुलगुरूने ठरवले, तरी निम्मे 'नाही' आपोआप म्हटले जातात.

तिसरी परीक्षा दाराची आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

मराठवाडा निजामाच्या राज्यात होता आणि आपल्या मुलांचे विद्यापीठ हैदराबादचे उस्मानिया होते. १९३८ मध्ये तिथे वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हटले म्हणून त्यांना काढून टाकण्यात आले. शेकडो मुले रस्त्यावर आली. वर्ष बुडणार, कदाचित शिक्षणच संपणार, अशी वेळ होती. तेव्हा नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. कुलगुरू होते टी. जे. केदार. दुसऱ्या राज्यातून काढलेली मुले घेणे म्हणजे निजामाची नाराजी ओढवून घेणे होते, आणि 'नियमात बसत नाही' असे म्हणून हात झटकणे फार सोपे होते. केदारांनी तसे केले नाही. नागपूरला गेलेल्या त्या मुलांत पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव होते. हैदराबादच्या मुक्तिलढ्यात ते ज्यांच्या नेतृत्वाखाली उतरले, ते स्वामी रामानंद तीर्थ स्वतः आधी शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचेच नाव आहे. एका कुलगुरूने उघडलेले दार किती दूर जाते, ते असे.

दार बंद राहिले तर काय होते, हेही आपण पाहिले आहे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे यांचा खून झाला. मी तेव्हा कॉलेजात होतो. माझ्या वर्गातली काही मुले त्या ऑगस्टात वर्गात आली नाहीत, आणि ती का आली नाहीत हे आम्ही उरलेल्यांनी एकमेकांना विचारले नाही. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. त्यात सोळा वर्षे गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात नांदेडचे विद्यापीठ उभे राहिले. विद्यापीठ कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर इथे फार महाग पडले आहे. म्हणून या भागातल्या कुलगुरूने रोज सकाळी स्वतःला विचारले पाहिजे की आज आपल्या वर्गात कोण आलेले नाही, आणि का.

मग कुलगुरू विद्वान असावा की प्रशासक? मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले तेव्हा त्याचे पहिले कुलगुरू होते एस. आर. डोंगरकेरी. मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार म्हणून त्यांनी काम केले होते. फाइलींची वाट ठाऊक असलेला माणूस. नांदेडचे पहिले कुलगुरू डॉ. वाघमारे, वर्गात खडू धरलेला माणूस. दोघांच्याही वाट्याला नव्याने सुरू होणारे विद्यापीठ उभे करण्याचे काम आले. तेव्हा बाहेरचा की आतला, या वादात मला फार रस वाटत नाही. माझ्यासारखा बँकवाला कुलगुरू होऊ नये असे मात्र मला प्रामाणिकपणे वाटते, कारण संशोधनाला लागणारा संयम आमच्याकडे नसतो. आम्हाला दर तिमाहीला आकडा लागतो. ज्ञानाची वाढ तिमाहीत मोजता येत नाही. पण विद्वान कुलगुरूने आमच्याकडून एक गोष्ट घ्यावी.

माझ्या पहिल्या शाखेतले मॅनेजर पीककर्जाच्या दिवसांत आपली खुर्ची केबिनमधून उचलून बाहेर काउंटरशेजारी आणून ठेवत. काही करत नसत, नुसते बसत. पण खिडकीवरचा कारकून कोणालाही "उद्या या" म्हणत नसे. कुलगुरूंनी वर्षातून आठ दिवस, निकालाच्या आणि प्रवेशाच्या दिवसांत, परीक्षा विभागाच्या खिडकीशेजारी खुर्ची टाकून बसावे. आदेश काढू नयेत, फोटो काढून घेऊ नयेत.

आणि आपण? आपणही थोडे आरशात पाहावे. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधर आपले प्रतिनिधी निवडून देतात. तुमच्या घरात किती पदवीधर आहेत आणि त्यांतल्या किती जणांनी मतदार म्हणून नाव नोंदवले आहे? मी स्वतः नोंदवले ते निवृत्तीनंतर. आयुष्यभर लोकांना 'वारसाचे नाव नोंदवा' असे सांगत आलो आणि स्वतःचे नाव नोंदवायला साठ वर्षे लागली. सोसायटीच्या पाण्याच्या मोटारीसाठी आपण भांडतो. मुलांच्या निकालाच्या तारखेसाठी भांडताना मात्र आपल्याला ते मुलांचे काम वाटते.

असो. लोहा मागे पडले. नांदेड यायच्या आधी, गोदावरी ओलांडायच्या आधी, विष्णुपुरीला विद्यापीठ लागते. गाडी थांबली तशी मुलगी झटकन उठली. बाप पिशवी सांभाळत उठला आणि जाता जाता पुन्हा म्हणाला, "मग, दोन वर्षांत सुटंल म्हणता?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच म्हणाली, "बाबा, चला. साडेदहाला खिडकी उघडते."

मी घड्याळात पाहिले. दहा वाजून दहा मिनिटे झाली होती. ती दोघे वेळेच्या आधी पोचली होती.